पाठीच्या एमआरआयवर 'झीज की इन्फेक्शन?' असा शेरा आलाय. हे ओळखतात कसं?

सत्तरीचा पाऊस
४ जुलै, रात्री १०:१२

नमस्कार. इथे बरेच दिवस वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. वडिलांच्या पाठीवरून घरात दोन तट पडलेत, म्हणून सगळं सविस्तर मांडतो.

बाबा ६८ वर्षांचे. गोव्यात वाळपईच्या पुढे आमचं कुळागर आहे, सुपारी, नारळ, थोडी मिरी. १५ वर्षांपासून मधुमेह. कमरेत 'गॅप' आहे हे ८-१० वर्षांपूर्वीच कळलं होतं, त्यामुळे पाठदुखी नवी नाही. पण जूनच्या पहिल्या आठवड्यापासूनचं दुखणं निराळं आहे. पूर्वी आडवं झालं की बरं वाटायचं. आता रात्री दोन-तीनला उठून खाटेवर बसतात. विचारलं तर म्हणतात, "फाटींत खिळो मारतात तशें जाता," म्हणजे पाठीत खिळा ठोकल्यासारखं. ताप नाही. जेवण मात्र निम्म्यावर आलंय.

२४ जूनला एका खाजगी सेंटरमध्ये साधा एमआरआय केला, कॉन्ट्रास्टशिवाय, म्हणजे शिरेतून औषध न टोचता. रिपोर्टचा सारांश असा: कमरेच्या मणक्यांमध्ये एल २-३ आणि एल ४-५ या दोन्ही ठिकाणी टाइप १ मोडिक बदल, बहुधा झिजेमुळे, पण इन्फेक्शन वगळावे, क्लिनिकल कोरिलेशन करावे.

एका डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आणि म्हणाले, वय झालं, झीज आहे, पट्टा बांधा, ट्रॅक्शन घ्या. दुसरे म्हणाले, आपल्याकडे असं दिसलं की टीबीच धरायचा, उद्यापासून एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करा. काका पहिल्यांच्या बाजूने, बहीण दुसऱ्यांच्या. एकेटीची चिठ्ठी कपाटावर पडून आहे, गोळ्या अजून आणलेल्या नाहीत.

एकच चित्र बघून दोन डॉक्टर इतकं वेगळं कसं सांगतात? एमआरआयमध्ये झीज आणि इन्फेक्शन वेगळं दिसत नाही का? आणि उद्या आम्ही नेमकं काय विचारायचं?


तिसवाडीकर
४ जुलै, रात्री १०:५०

माझ्या आतेचं असंच होतं. गावठी तेल लावून रगडून घेतलं तेव्हा मोकळी झाली. हवं असल्यास त्या माणसाचा पत्ता देतो.


फिजिओ_पेडणे
४ जुलै, रात्री ११:०५

तिसवाडीकर, तुम्ही आपुलकीने सांगताय हे कळतं. पण सत्तरीचा पाऊस, इन्फेक्शन नाही हे ठरेपर्यंत पाठ कुणालाही रगडू देऊ नका. ट्रॅक्शनही नको, माझ्यासारख्या फिजिओकडूनसुद्धा नको. जंतूंनी पोखरलेला मणका दाबाखाली ढासळू शकतो, आणि मागे मज्जारज्जू आणि नसा आहेत. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, भूक जाणं, मधुमेह, एवढं एकत्र ऐकलं की मी पेशंटला टेबलावर न घेता परत डॉक्टरांकडे पाठवते.

पाय जड पडतात का, जांघेत बधिरपणा आहे का, लघवी-संडासवरचा ताबा गेल्यासारखं वाटतं का, हे रोज विचारा. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट न पाहता थेट बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल गाठायचं.


करडी छटा
५ जुलै, सकाळी ६:३०

मी रेडिऑलॉजिस्ट. मडगावात १९ वर्षं रोज मणके बघतेय. फिल्मचा फोटो इथे टाकू नका, फोनवरच्या फोटोवरून मी काहीही सांगणार नाही. पण तुमचा प्रश्न फार मोलाचा आहे. आमच्या कामात हा रोजचा पेच आहे आणि आमचा शेरा घरी पोचतो तेव्हा त्याचा अर्थ कुणीच सांगत नाही. म्हणून सावकाश लिहिते.

एमआरआय म्हणजे मुख्यतः शरीरातल्या पाण्याचा आणि चरबीचा नकाशा. एकाच जागेची चित्रं निरनिराळ्या पद्धतीने घेतात. टी १ चित्रात चरबी उजळ आणि पाणी काळं. टी २ मध्ये पाणी उजळ. तिसरी पद्धत स्टर, त्यात चरबी पुसून टाकलेली असते, म्हणून सूज अंधारातल्या काजव्यासारखी उठून दिसते. मोठ्या माणसाच्या मणक्यातल्या मज्जेत बरीच चरबी असते, म्हणून निरोगी मणका टी १ वर उजळसर दिसतो. मणक्याला सूज आली की तिथे पाणी शिरतं, टी १ वर तो भाग काळवंडतो, टी २ आणि स्टरवर चमकतो.

आता मोडिक. अमेरिकेतले रेडिऑलॉजिस्ट मायकेल मोडिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली झिजलेल्या गादीच्या (दोन मणक्यांमधल्या डिस्कच्या) शेजारच्या मणक्यांमधल्या बदलांची वर्गवारी मांडली, तेव्हापासून ते नाव चिकटलं. टाइप १ म्हणजे सूज. टाइप २ म्हणजे तिथली मज्जा चरबीने भरली, टी १ वर उजळ. टाइप ३ म्हणजे हाड घट्ट झालं, सगळीकडे काळं. टाइप २ आणि ३ पाहून इन्फेक्शनची भीती सहसा वाटत नाही. सगळा घोळ टाइप १ चा. गादीत जंतू शिरले तरी शेजारचे दोन मणके सुजतात, गादी झिजून घासली तरी तेच दोन मणके सुजतात, आणि सूज दोन्हीकडे त्याच रंगाची. मणक्याचा रंग 'इथे सूज आहे' एवढंच सांगतो. ती कशाने आली ते शेजारपाजारच्या खुणांवरून काढावं लागतं.

मी सगळ्यात आधी गादी बघते. झिजलेली गादी वाळलेली असते, टी २ वर काळी आणि बुटकी. पू झालेली गादी टी २ वर पाण्यासारखी चमकते. निरोगी गादीच्या पोटात टी २ वर एक बारीक काळी आडवी रेघ असते, इन्फेक्शनमध्ये ती पुसली जाते. मग गादी आणि मणका यांच्यामधला काठ, आम्ही त्याला एंडप्लेट म्हणतो. झिजेत तो खडबडीत होईल, पण रेघ ओढल्यासारखा सलग राहतो. इन्फेक्शनमध्ये तो वाळवी लागल्यासारखा खाल्लेला, पुसट दिसतो. मग आजूबाजूला नजर टाकायची. सोआस नावाचा स्नायू मणक्याला लागून खाली जातो, त्यात सूज किंवा पू आहे का? मागे मज्जारज्जूच्या नळीत काही साठलंय का? निव्वळ झिजेत असा पू साठत नाही.

पण हे सगळं ठरल्यासारखं दिसेलच असं नाही, आणि हे सांगायलाच मी पहाटे उठून बसलेय. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत इन्फेक्शनचा पहिला एमआरआय नुसता सुजेचा असू शकतो. काठ शाबूत, गादी ठीकठाक, पू कुठेच नाही. आधीपासून वाळलेल्या गादीत जंतू शिरले तर ती चमकेलच याची खात्री नाही. उलट एखाद्या झिजलेल्या गादीच्या फटीत थोडं पाणी साचतं आणि ती फसवी चमकते. तुमचा स्कॅन दुखणं सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यातला. तेव्हा 'इन्फेक्शन वगळावे' हे वाक्य रिपोर्ट लिहिणाऱ्याने घाबरून टाकलेलं नाही, प्रामाणिकपणे लिहिलंय.

उद्या तीन गोष्टी विचारा. सीआरपी आणि ईएसआर, म्हणजे शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या, केल्यात का? कॉन्ट्रास्ट आणि डिफ्यूजनसह पुन्हा एमआरआय करायचा का? मूत्रपिंडाचं क्रिएटिनीन किती आहे? मूत्रपिंड फार कमजोर असेल तर गॅडोलिनियमचा कॉन्ट्रास्ट देताना जपावं लागतं. आणि जुनी फिल्म, जुनी सीडी टाकू नका. ८-१० वर्षांपूर्वीचा एमआरआय सापडला तर तो सोन्याच्या मोलाचा. एल ४-५ चा बदल तेव्हापासूनचा असेल, तर तो प्रश्न अर्धा तिथेच सुटतो.


सत्तरीचा पाऊस
५ जुलै, सकाळी ८:१५

डॉक्टर, तुमचं लिहिणं घरात मोठ्याने वाचून दाखवलं. काकांनी दोनदा वाचायला लावलं. जुनी फिल्म भाताच्या कणगीमागे सापडली, एक कोपरा दमट झालाय, बाकी ठीक आहे. पट्टा आणि ट्रॅक्शन थांबवलं. डिफ्यूजन म्हणजे काय?


करडी छटा
५ जुलै, दुपारी १:४०

पट्ट्याने अपाय नाही, आधार वाटत असेल तर बांधा. ट्रॅक्शन थांबवलंत ते चांगलं केलंत.

डिफ्यूजन हा त्याच मशिनवरचा काही मिनिटांचा आणखी एक भाग. पेशींमधलं पाणी किती मोकळेपणाने हलतं ते त्यातून मोजतात. पक्षाघात लवकर ओळखण्यासाठी मेंदूत तो रोज वापरला जातो. मणक्यासाठी त्याचा एक सुंदर उपयोग २०१४ साली अमेरिकन न्यूरोरेडिऑलॉजीच्या नियतकालिकात मांडला गेला, नाव 'क्लॉ साइन', पंजाची खूण. झिजेमुळे आलेली सूज हळूहळू पसरते आणि शरीर तिला कुंपण घालतं. त्यामुळे सुजलेली मज्जा आणि चांगली मज्जा यांच्या सीमेवर डिफ्यूजनमध्ये उजळ, रेखीव पट्टी दिसते, वरच्या मणक्यात एक आणि खालच्या मणक्यात एक, समोरासमोर आलेल्या नख्यांसारखी. ती स्पष्ट असेल तर झिजेच्या बाजूने जोरदार कौल. इन्फेक्शनमध्ये असं कुंपण नसतं, उजेड भिंतीवरच्या ओलीसारखा पसरत जातो.

पंजा 'असेल-नसेल' असा दिसला तर मात्र त्यावर विसंबू नये. आणि कॉन्ट्रास्टनंतर मणका उजळला म्हणून लगेच इन्फेक्शन म्हणू नये. झिजेतली सूजही कॉन्ट्रास्ट घेते, झिजलेली गादीसुद्धा कडेने थोडा घेते. कॉन्ट्रास्टचा खरा फायदा पू शोधायला होतो. पुवाची पिशवी कडेने उजळते, आत काळी राहते.

आणखी एक जुनी, स्वस्त खूण म्हणजे गादीतली हवा. फार झिजलेल्या गादीच्या चिरांमध्ये वायू जमतो, त्यात मुख्यतः नायट्रोजन असतो. साध्या एक्स-रेवरही कधी कधी काळी फट दिसते, सीटीवर तर लख्ख. गादीत हवा दिसली की इन्फेक्शनची शक्यता खूप खाली येते. क्वचित वायू करणारे जंतूही असतात, म्हणून 'शून्य' म्हणत नाही.


माशेलची
५ जुलै, सायंकाळी ७:२०

हे वाचून हात थरथरले. माझ्या आईचं सांगते.

आईच्या पाठीत मधोमध दुखायचं, खांद्याच्या फऱ्यांच्या खाली. सहा महिने सगळे 'गॅप, गॅप' म्हणत राहिले. कमरेचा एमआरआय झाला, त्यात वयाप्रमाणे झीज निघाली आणि सगळे निर्धास्त झाले. दुखत होतं वर आणि चित्र काढलं खालचं, हे आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. एके दिवशी तुळशीला पाणी घालायला गेली आणि पायरीवर पाय उचलेना.

मग पूर्ण मणक्याचा एमआरआय झाला. पाठीच्या मधल्या मणक्यांत, डी ९-१० ला टीबी. पू मणक्यांच्या पुढच्या पडद्याखालून चार मणके पसरलेला, पातळ भिंतीची लांब पिशवी. गादी मात्र त्यामानाने बरी होती, म्हणून आधी कुणी संशय घेतला नाही असं डॉक्टर म्हणाले. सुई घालून नमुना घेतला, सीबीनॅट या टीबी शोधणाऱ्या तपासणीत टीबी आला आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडतं हेही त्याच तपासणीत कळलं. दोन महिने चार औषधं, पुढचे दहा महिने तीन. सरकारी केंद्रातून सगळी औषधं फुकट मिळाली. आज ती देवळापर्यंत चालत जाते, पण पाठीला थोडा बाक राहिलाय.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे: जिथे दुखतं त्या जागेचाच फोटो निघतोय ना, हे स्वतः बघा.


करडी छटा
५ जुलै, रात्री ९:०५

माशेलची, तुमच्या आईला नमस्कार. तुम्ही जे सांगितलंत ते टीबीच्या मणक्याचं अगदी नेमकं वर्णन आहे. साधे पू करणारे जंतू गादी लवकर खातात, टीबी बऱ्याचदा तिला उशिरापर्यंत सोडतो आणि पडद्याखालून सरकतो. पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ मध्ये पाठीचा बाक आणि लुळे पडलेले पाय यांची सांगड घातली, म्हणून आजही त्याला पॉट्स डिसीज म्हणतात. टीबी कधी मधले मणके सोडून दुसरीकडेही बसलेला असतो, म्हणून संशय आला तर कण्याचा वरपासून खालपर्यंत एक झटपट स्कॅन करून घ्यावा.


आडपईचा
५ जुलै, रात्री १०:३०

मी दुसऱ्या टोकाचा अनुभव सांगतो. चार वर्षांपूर्वी माझ्याही रिपोर्टवर हेच वाक्य होतं. नमुना न घेता, सीआरपी नॉर्मल असताना एकेटी सुरू झाली. डॉक्टरांचं नाव घेणार नाही, हेतू वाईट नव्हता. तिसऱ्या महिन्यात कावीळ झाली, बिलिरुबिन ९ वर गेलं, १२ दिवस हॉस्पिटलात काढले. पाठ होती तशीच. नंतर दुसरीकडे सीटी केला तर गादीत हवा, आणि डिफ्यूजनमध्ये वर सांगितलेला पंजा. निव्वळ झीज होती. व्यायाम आणि वजन कमी करणं यावर आज ठीक आहे.

टीबी असेल तर ती औषधं जीव वाचवतात, माशेलचीची आई समोर आहे. पण पुराव्याशिवाय ती चिठ्ठी कपाटावरून खाली काढू नका.


निळी शाई
६ जुलै, सकाळी ७:१०

मी फिजिशियन आहे. दोन्ही अनुभव खरे आहेत आणि दोन्हींत चूक एकच झाली. चित्राला शेवटचा शब्द मानलं गेलं.

सत्तरीचा पाऊस, मला एक सांगा. गेल्या तीन-चार महिन्यांत बाबांना लघवीचा त्रास, नळी, सलाईन, पायाला जखम, दाताचं काम, असं काही झालं होतं? मणक्यातले जंतू बहुतेक वेळा रक्तातून येतात आणि त्यांचा उगम दुसरीकडे असतो. आणि घरी गुरं आहेत का? कच्चं दूध कुणी पितं का?


सत्तरीचा पाऊस
६ जुलै, रात्री ९:३०

तुम्ही विचारलंत आणि अंगावर काटा आला. मे महिन्यात बाबांची लघवी तुंबली होती, प्रोस्टेट. ९ दिवस नळी होती, एकदा थंडी वाजून आली आणि गोळ्यांनी उतरली. पाठीशी त्याचा संबंध असेल हे ध्यानीमनीही नव्हतं, म्हणून एकाही डॉक्टरला सांगितलं नाही.

दोन गायी आहेत. दूध उकळूनच पितो, पण वासराच्या वेळी बाबांनीच हात घातला होता. आणि जूनमध्ये तरवा लावताना ते अनवाणी चिखलात होते, नको म्हटलं तरी.

आजचं रक्त: सीआरपी ६४, ईएसआर ७८, पांढऱ्या पेशी नॉर्मल, क्रिएटिनीन १.१.


निळी शाई
६ जुलै, रात्री १०:००

पांढऱ्या पेशी नॉर्मल आहेत म्हणून निश्चिंत होऊ नका, आणि ताप नाही म्हणूनही नाही. मणक्याच्या इन्फेक्शनमध्ये अनेकांना ताप येतच नाही. नुसत्या झिजेने सीआरपी सहसा इतका चढत नाही. उद्या बाबांना ॲडमिट करा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाय चालतायत, रक्तदाब ठीक आहे, तोवर एकही अँटिबायोटिक नको. फार्मसीतून आणलेलं नको आणि घरात उरलेलंही नको. आधी रक्ताचे कल्चर (नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखणं), किमान दोन वेळा, वेगवेगळ्या जागेवरून. त्यात जंतू सापडला तर बऱ्याचदा सुईची गरजच पडत नाही. नाही सापडला तर सीटीच्या आधाराने गादीतून नमुना. तो साध्या कल्चरला, टीबीच्या कल्चरला, सीबीनॅटला आणि पॅथॉलॉजीला, सगळीकडे पाठवायला सांगा. आधी औषध पडलं की कल्चर कोरं येतं आणि मग पुढचे कित्येक आठवडे अंदाजाने औषध द्यावं लागतं. पाय लुळे पडू लागले किंवा सेप्सिस झाला, म्हणजे इन्फेक्शनमुळे सगळं शरीर ढासळू लागलं, तर मात्र थांबायचं नाही, लगेच औषध आणि सर्जन.

गुरं आणि चिखल हे दोन शब्द वॉर्डातल्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा. गुरांकडून ब्रुसेला येतो, तोही कमरेचा मणका धरतो, त्यासाठी वेगळी रक्ततपासणी लागते. आणि पावसाळ्यातल्या माती-पाण्यातून मेलिऑयडोसिस नावाचा आजार होतो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः किनारी कर्नाटकात, तो चांगलाच माहीत आहे, मधुमेही माणसाला जास्त धरतो आणि हुबेहूब टीबीचं सोंग घेतो. त्याची औषधं अगदी वेगळी. लॅबला आधी कळलं तर ते कल्चर त्या नजरेने बघतील आणि त्यांचं स्वतःचंही रक्षण होईल, कारण हे दोन्ही जंतू लॅबमध्ये हाताळायला धोक्याचे आहेत.


अबोली
७ जुलै, सकाळी ९:४५

मी डायलिसिस युनिटमध्ये सिस्टर आहे. आमच्या पेशंटांना पाठ दुखली की आम्ही कान टवकारतो, कारण सुया आणि कॅथेटर रोजचेच. वॉर्डात जाताना एका कागदावर तारखा लिहून न्या: नळी कधी घातली, थंडी कधी वाजली, कोणत्या गोळ्या किती दिवस, पाठ कधीपासून. ड्युटी बदलते, डॉक्टर बदलतात, कागद बदलत नाही. आणि कृत्रिम कवळी, अंगठी, करगोट्यातली चांदीची पेटी घरीच काढून ठेवा. पेसमेकर किंवा डोळ्यात लोखंडाचा कण गेल्याचा जुना इतिहास असेल तर एमआरआयआधी सांगा.


सत्तरीचा पाऊस
१२ जुलै, रात्री ८:२०

सगळ्यांना कळवायचंच होतं, धावपळीत राहिलं. बाबा ७ तारखेपासून बांबोळीत आहेत. अबोलीताईंनी सांगितलेला कागद पहिल्याच राऊंडला कामी आला. डॉक्टरांनी तो केसपेपरलाच टाचला.

रक्ताची दोन्ही कल्चर ४८ तासांत कोरी. १० तारखेला कॉन्ट्रास्ट आणि डिफ्यूजनसह दुसरा एमआरआय झाला. तिथल्या रेडिऑलॉजिस्टनी मला स्क्रीनसमोर बसवून दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून दाखवली. तो अनुभव विसरणार नाही, म्हणून जसं कळलं तसं लिहितो.

खालची जागा, एल ४-५: गादी काळी, बुटकी, काठ सलग. डिफ्यूजनमध्ये वर-खाली दोन रेखीव पांढऱ्या कडा. मी करडी छटांचं वाचलेलं होतं म्हणून बोट दाखवून विचारलं, "हा पंजा का?" ते हसून हो म्हणाले. जुन्या दमट फिल्मवरही तिथे थोडा बदल आहेच. ही झीज.

वरची जागा, एल २-३: जूनच्या चित्रात ही खालच्या जागेसारखीच दिसत होती, गादीचा काठसुद्धा नीट होता. १६ दिवसांनंतर गादी टी २ वर चमकते आहे. पुढच्या बाजूने काठ खाल्लेला. डिफ्यूजनमध्ये कडा नाही, सगळाच धूसर उजेड. डाव्या सोआसमध्ये सुपारीएवढी पुवाची पिशवी. हे इन्फेक्शन.

एकाच पाठीत दोन्ही, बोटभर अंतरावर. एका डॉक्टरांनी खालची जागा बघून झीज म्हटलं होतं, ते त्या जागेपुरतं खरं होतं.

काल सीटीवर सुई घालून नमुना घेतला. त्याच सीटीत खालच्या गादीत हवेची काळी फटही दिसली. अँटिबायोटिक अजून दिलेलं नाही, कल्चर लागलं की देणार. वाट बघणं फार कठीण जातंय. आई रात्रभर जागी असते.


करडी छटा
१२ जुलै, रात्री ९:१५

तुमचं वर्णन मी माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवू का? तुमची परवानगी असेल तरच. झीज आणि इन्फेक्शन एकाच पाठीत, एकाच चित्रात, हे प्रत्यक्षात नेहमी घडतं. साठी उलटलेल्या माणसाच्या कण्यात झीज असतेच. ती दिसली की डोळ्याचं समाधान होतं आणि दुसरी जागा निसटते.

वाट बघणं कठीण आहे, पण हे दिवस पुढचे महिने वाचवतात.


सत्तरीचा पाऊस
१५ जुलै, सायंकाळी ६:०५

जरूर वाचून दाखवा.

कल्चर आलं. ई. कोलाय. मे महिन्यात लघवीच्या कल्चरमध्ये आला होता तोच. सीबीनॅट निगेटिव्ह, ब्रुसेलाची तपासणी निगेटिव्ह. शिरेतून अँटिबायोटिक परवापासून सुरू आहे, एकूण सहा आठवडे म्हणालेत. पिशवी लहान आहे, त्यामुळे ऑपरेशन नको, नजर ठेवायची.

एकेटीची चिठ्ठी बहिणीनेच फाडली. तिला वाईट वाटत होतं, मी म्हटलं, इन्फेक्शन आहे हे तूच म्हणत होतीस.


माशेलची
१५ जुलै, सायंकाळी ६:४०

देवा रवळनाथा! आईला सांगितलं, तिने देवापुढे साखर ठेवली.


सत्तरीचा पाऊस
१६ ऑगस्ट, दुपारी ४:३०

एक शंका. बाबांना पुष्कळ बरं आहे, रात्री झोपतात, सीआरपी ६४ वरून ११ वर आलाय. पण ओळखीच्या एकांच्या आग्रहाने बाहेर पुन्हा एमआरआय करून घेतला, त्यात 'मणक्यातले बदल वाढले आहेत' असं लिहून आलंय. आम्ही पुन्हा घाबरलोय.


करडी छटा
१६ ऑगस्ट, सायंकाळी ५:५०

घाबरू नका. हाड औषधाच्या मागून चालतं. जंतू मेल्यावरही मणक्याची सूज आणि काठाचं नुकसान महिनोन्‌महिने दिसतं, कधी आधीपेक्षा जास्त दिसतं. अशा वेळी मी हाडाकडे कमी आणि पुवाकडे जास्त बघते. सोआसमधल्या पिशवीबद्दल काय लिहिलंय?


सत्तरीचा पाऊस
१६ ऑगस्ट, सायंकाळी ६:१०

"आता दिसत नाही."


निळी शाई
१६ ऑगस्ट, रात्री ८:००

मग औषध लागू पडलंय. माणूस सुधारतोय आणि सीआरपी उतरतोय, तेव्हा उगाच पुन्हा पुन्हा एमआरआय करायची गरज नसते. ताप, नव्याने दुखणं, पायात अशक्तपणा किंवा सीआरपीची उलटी चाल दिसली तर करायचा. कोर्स मात्र एक दिवसही आधी थांबवू नका. साखर सांभाळा आणि प्रोस्टेटचं काम मार्गी लावा, नाहीतर उगम तिथेच राहील.


सत्तरीचा पाऊस
१२ सप्टेंबर, रात्री ९:५०

कोर्स २६ ऑगस्टला पूर्ण झाला. काल सीआरपी ४. प्रोस्टेटसाठी युरॉलॉजिस्टची तारीख चतुर्थीनंतरची आहे.

परवा चतुर्थी. दरवर्षी गणपतीवरची फळा-फुलांची माटोळी बाबाच बांधतात, यंदा शिडीवर चढू दिलं नाही. खुर्चीत बसून पोरांना सांगतायत, सुपारीची शिपटी उजवीकडे, तोरिंजन मध्ये, कांगलां त्याच्या मागे. अर्धा तास बसले की कमरेत भरून येतं म्हणतात. बोट ठेवायला सांगितलं तर खाली ठेवतात, एल ४-५ वर. फिजिओ_पेडणे यांनी सुचवलेले व्यायाम सोमवारनंतर सुरू करतोय.

रात्री दोनला मी अजून सवयीने उठतो. ते झोपलेले असतात.